‘स्वाना’चा ठोका

हेलेय बेट,
जूनची सुरुवात

प्रिय सिगुर्ड,

फोनवर आपण काय बोलतो ते तुला माहीतच आहे. तू म्हणतोस, सगळं बरं ना. मी म्हणतो, बरं. मग मी वारा कुठल्या दिशेचा आहे ते सांगतो, तू तिकडे चिलीत किती पाऊस पडला ते सांगतोस, आणि तेवढ्यात तुझी आई माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेते. जन्मभर फेरीबोट चालवलेल्या माणसाला बोलायची सवय लागत नाही. लोक चढतात, उतरतात, मान हलवतात, झालं. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. आई खिडकीशी विणत बसली आहे आणि मधूनमधून विचारते आहे, "मुद्द्यावर आलास का?" मी म्हणतो, येतोय. तूही घाई करू नकोस. तुझ्या त्या माशांना खाणं घालून झालं की बूट काढ, पाय पसर, आणि मग वाच.

पहिली बातमी ही, की स्वाना चालू झाली. हो, आपली स्वाना, आजोबांची बोट. दुसरं इंजिन बसवून नव्हे, त्याच जुन्या एका सिलिंडरच्या धुडावर. तुला ती आठवते का, मला माहीत नाही. तू अगदी लहान होतास तेव्हा आजोबा तुला इंजिनाच्या लाकडी झाकणावर बसवायचे. खालून ऊब यायची, ठुक्… ठुक्… ठुक् चालू असायचं, आणि उत्तरेकडचं टोक वळायच्या आत तू झोपलेला असायचास. त्या काळी प्रत्येक इंजिनाचा ठोका वेगळा असे. स्वानाचा ठोका जरा लंगडा होता, दर तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला ती श्वास घेतल्यासारखी थांबायची. माझी आई तो ओळखून बटाटे चुलीवर ठेवायची. आजोबा धक्क्याला लागून, बोट बांधून, वर येऊन हात धुवेपर्यंत बटाटे शिजलेले. घड्याळ आमच्या घरात होतं, पण ते कुणी बघत नसे.

आजोबा गेल्यावर स्वाना बोटघरात गेली आणि तिथेच राहिली. एका हिवाळ्यात इंजिनात राहिलेलं पाणी गोठलं आणि सिलिंडरचं कवच तडकलं. पिस्टन आत गंजून घट्ट बसला. फळ्या सुकून त्यांच्यात करंगळी जाईल एवढ्या फटी पडल्या. वर्षानुवर्षं मी जाळी काढायला आत जायचो आणि तिच्याकडे न बघता बाहेर यायचो. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी योस्टाइन आला. तो आता जूनमधल्या सेंट हान्सच्या सणाच्या शेकोटीचा प्रमुख झालाय, आणि तुला ठाऊक आहे, कुठलीही जबाबदारी मिळाली की तो छाती फुगवून चालतो. म्हणाला, पुढच्या जूनच्या शेकोटीत मध्ये उभी करायला एक जुनी बोट हवी, तुझी स्वाना दे, सगळ्या बेटाला दिसेल असा जाळ होईल. मी म्हटलं, बघतो. आपल्याकडे "बघतो" म्हणजे "घे" हे तुला सांगायला नको. नाही म्हणण्यासारखं माझ्याकडे काही कारण नव्हतं.

त्याच सुमाराला माझी दाढ दुखायला लागली. आता हे ऐक. तू आणि मारित वेगळे झाल्यापासून मी दातांसाठी फेरीने पलीकडे तालुक्याला जात होतो. मारित तुझी बायको राहिली नव्हती, पण या बेटावरची एकुलती एक दाताची डॉक्टर तर राहिलीच होती, आणि तिच्यासमोर तोंड उघडून काय बसायचं असं मला वाटे. पण त्या दिवशी वादळाने फेरी बंद, आणि दाढ अशी ठणकत होती, की मी मुकाट्याने दवाखान्यात जाऊन खुर्चीत आडवा झालो. तिने दोन्ही हात आणि ती सगळी हत्यारं माझ्या तोंडात घातली आणि मग शांतपणे म्हणाली, "योस्टाइन सांगत होता, तुम्ही स्वाना जाळायला दिलीत. त्याआधी मला ते इंजिन एकदा उघडून बघायचंय. रविवारी येते. तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा." मी घशातून काहीतरी आवाज काढला. ती म्हणाली, "छान, ठरलं मग."

रविवारी ती खरोखरच आली, जुना डगला, रबरी बूट आणि हातात तिची दवाखान्याची पेटी. मी म्हटलं, हे माझ्या वडिलांचं काम, मला यातलं काही कळत नाही, मी आयुष्यभर वरच्या खोलीतून सुकाणू धरलं आणि खाली मशिनवाल्यांना नुसती घंटा वाजवून सांगितलं. ती म्हणाली, तिलाही काही कळत नाही, तेव्हा निदान भांडण तरी होणार नाही. आम्ही वरचा भाग उघडला. तिने तो छोटा गोल आरसा काढला, दात बघायला तोंडात घालतात तोच, आणि टॉर्चच्या उजेडात सिलिंडरमध्ये कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कीड नाहीये. नुसतं चिकटलंय." इतकी वर्षं ते लोखंड बघून मला फक्त आजोबा गेल्याचं आठवायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते बरं होण्यासारखं दुखणं वाटलं. संध्याकाळी मी योस्टाइनला सांगून आलो, की शेकोटीसाठी दुसरी बोट शोध. तो म्हणाला, "लेका, बघ हं. जूनमध्ये तूच घेऊन येशील, ओढत." मी म्हटलं, बघतो. पण ते दुसऱ्या प्रकारचं "बघतो" होतं.

तुझ्या आईचं सांगतो. मारित ज्या दिवशी आली त्या दिवशी आईने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. तुम्ही वेगळे झालात त्याला दोष कुणाचा, हे मी कधी विचारलं नाही. तुला तिकडचं काम सोडवेना, तिला इकडचं, एवढंच मला समजतं, आणि तेवढं पुरे आहे. पण आईला कुणावर तरी रागवायला हवं होतं, आणि तू लांब होतास. तर आधी पडदा. मग एका रविवारी पडदा अर्धा. मग एकदा ती कॉफीचा थर्मास बोटघराच्या दाराशी ठेवून गेली, जास्त झाली होती म्हणाली. पुढच्या वेळी वाफल आले, तेही जास्त झालेले, तपकिरी चीजसकट. आणि ज्या दिवशी आम्ही पिस्टन सोडवायला बसलो त्या दिवशी ती स्वतः आत आली, कंदील उचलून धरला आणि म्हणाली, "तुम्हा दोघांना उजेड कुठे पाडायचा तेसुद्धा कळत नाही." त्यानंतर ती रोजचीच झाली.

पिस्टन म्हणशील तर नाताळच्या आधी सुटला. तोवर आम्ही त्याला डिझेल आणि रॉकेल पाजत होतो, आजाऱ्याला चमच्याने पाजावं तसं. खालून लाकडाचा ठोकळा लावला, जॅक बसवला, बाहेरून ब्लोलॅम्पने हळूहळू ऊब दिली, आणि मी जॅकची दांडी दाबली. काही नाही. मारितने दाबली. काही नाही. मग आईने कंदील खाली ठेवला, आमच्या मधे घुसली आणि तिघांनी मिळून दाबली. आतून म्हातारी गाय उठताना कण्हते तसा आवाज आला आणि पिस्टन नखभर वर सरकला. मारितने मला मिठी मारली. मी नवा विणलेला स्वेटर घातला होता. पाठीवर दोन काळे पंजे उमटले, आणि आई मारितला काही बोलली नाही, मलाच बोलली, की कामाच्या ठिकाणी नवा स्वेटर घालून कोण येतं.

कवचाची भेग मारितने शिवली. शिवली असंच म्हणायला हवं. भेगेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळणार नाही, आणि मग मधल्या भागात एकाला खेटून एक असे छोटे स्क्रू बसवत गेली, वरून घासून सपाट केलं. काम करताना ती इंजिनाशी बोलते, दवाखान्यात बोलते तसंच. "थोडी कळ काढा, झालंच आता." एकदा तर सवयीने म्हणाली, चूळ भरा. मी इतका हसलो, की हातातला पाना पाण्यात पडला.

हे सगळं चालू असताना माझ्या डोक्यात काय होतं, तेही लिहितो, कारण ते न लिहिता पुढचं नीट कळणार नाही. मला वाटायचं, इंजिन तयार झालं, की तुला कळवू. तू येशील. मी मुद्दाम तुला इंजिन सुरू करायला हाताने फिरवायच्या जड चाकाशी उभं करीन, मारित ब्लोलॅम्प धरून असेल, इंजिन सुरू होईल आणि तुम्ही दोघं धुरात खोकत एकमेकांकडे बघून हसाल. बस, तेवढंच. त्यापुढचं चित्र मी कधी काढलं नाही, पण तेवढं मात्र रोज काढायचो. म्हातारपणी माणूस असले उद्योग करतो. आईला मी यातलं अक्षरही बोललो नव्हतो, पण ती एकदा वाफल वाढताना सहज म्हणाली, "इंजिनाला एवढं ओझं देऊ नकोस, आधीच तडकलेलं आहे."

मग आलं इंजिनाच्या डोक्यावरच्या गोळ्याचं प्रकरण. तुला आठवत असेल, सुरू करण्याआधी आजोबा सिलिंडरच्या माथ्यावरचा लोखंडी गोळा ब्लोलॅम्पने लालसर होईस्तोवर तापवायचे. त्या गोळ्याला आरपार चीर होती. तिथे शिवण चालत नाही, आगीत बसणारी वस्तू ती. जुन्या इंजिनांचा नाद असलेल्या माणसांना किनाऱ्यावर वरपासून खालपर्यंत विचारून झालं. सगळे मनापासून बोलायचे, आपापल्या इंजिनाची दुखणी सांगायचे, पण आपल्या मापाचा गोळा कुणाकडे नव्हता. पलीकडच्या फाउंड्रीवाल्याने सांगितलं, नवा ओतून देतो, पण लाकडाचा नमुना करून आणा. आता लाकडाचा असा बारीक नमुना कोण करणार? मीच मारितला म्हटलं, शाळेत जा, तो नवा सुतारकामाचा मास्तर आहे ना, वेगार, त्याला विचार. माझ्याच तोंडून निघालं हे. आई आजही ते वाक्य मला माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

वेगार म्हणजे उंच, संथ, आतल्या डोंगरदरीतला माणूस. मेंढ्या आणि बर्फ यांच्यात वाढलेला. समुद्राचं आणि त्याचं मुळीच जमत नाही. फेरीच्या धक्क्यावर उभा राहिला तरी त्याचा चेहरा पिठासारखा होतो. बेटावर का आला म्हणून विचारलं तर म्हणतो, नकाशात लहान दिसलं, वाटलं समुद्र लवकर संपेल. त्याने बर्च लाकडात तो नमुना कोरला. आणला तेव्हा मी हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिलो, इतका तो सुबक होता. मग आमच्या स्वयंपाकघरात त्याची आणि मारितची जुंपली. लोखंड गार होताना आक्रसतं, म्हणून नमुना किंचित मोठा हवा, यावर दोघांचं एकमत होतं. किती मोठा, यावर नव्हतं. ती म्हणत होती, दातांवरच्या टोप्या ओततानाही असंच असतं, मला माहीत आहे. तो म्हणत होता, दात एवढासा आणि हा गोळा एवढा मोठा. वाद केसाच्या जाडीचा होता आणि दुपार सरली तरी मिटला नाही. ते गेल्यावर आईने टेबलावरचे कप उचलले आणि मला दाखवले. दोन्ही भरलेले, कॉफी थंडगार. म्हणाली, "आपल्या बेटावर माणसं भांडतात, पण कॉफी टाकून कुणी भांडत नाही." मला कळलं नाही. मी म्हटलं, परत गरम कर.

एप्रिलमध्ये स्वाना पाण्यात उतरवली, म्हणजे बुडवलीच. सुकलेल्या फळ्या फुगायला पाहिजेत, म्हणून ती उथळ पाण्यात काठापर्यंत भरू दिली. योस्टाइन रोज धक्क्यावर येऊन विचारायचा, "पाणबुडी कशी आहे?" फळ्या फुगल्या, फटी मिटल्या, पाणी उपसलं, रंग दिला. मग चेनकुप्पीने इंजिन आत उतरवलं. नवा गोळा बसला, अगदी बोटाला अंगठी बसावी तसा. कुणाचं माप खरं ठरलं ते मला ठाऊक नाही. दोघंही म्हणत होते, समोरच्याचं.

सतरा मेला तिला पहिल्यांदा सगळ्यांसमोर सुरू करायचं ठरलं. मला ते नको होतं, पण मारित म्हणाली, राष्ट्रीय सण आहे, सगळं बेट धक्क्यावर असणार, आजोबांना आवडलं असतं. दिवस सुंदर निघाला. मुलांची मिरवणूक आली, झेंडे, आइस्क्रीम, धक्क्यावर बँड. योस्टाइन तो मोठा पितळी ट्यूबा फुंकत होता, त्याचे गाल तुला आठवतातच. मी फेरीवरची जुनी टोपी घातली होती. मारित सणाच्या पोशाखात होती, चांदीचे बक्कल आणि भरतकाम, वरून आईचा जुना एप्रन. वेगार बोटीच्या पुढच्या टोकाला झेंडा धरून उभा होता, आधीच पांढराफटक. आई धक्क्यावर, सगळ्यात पुढे.

ब्लोलॅम्पने गोळा तापवला. मी चाकाचा दांडा धरला, मागेपुढे झुलवलं आणि जोर करून फिरवलं. एक धूर, एक खोकला, आणि मग सिगुर्ड, ती बोलली. ठुक्… ठुक्… ठुक्. दोर सोडले, मी हँडल पुढे ढकललं, आणि स्वाना ऐटीत मागे निघाली. ही इंजिनं सुरू होताना एखाद्या वेळी उलट्या बाजूने फिरू लागतात, हे मी लहानपणी ऐकलं होतं आणि साफ विसरलो होतो. मी इतकी वर्षं फेरी चालवली, वादळात चालवली, धुक्यात चालवली, पण हजार डोळ्यांसमोर बँडच्या अंगावर कधी बोट मागच्या मागे घातली नव्हती. मारित शांतपणे म्हणाली, "कॅप्टन, आपण मागे चाललोय." मी म्हटलं, "दिसतंय मला." धक्क्यावर योस्टाइनने ट्यूबातून वर बघितलं, त्याला आमचं मागचं टोक आपल्याकडे येताना दिसलं, आणि ट्यूबाने असा एक आवाज काढला, की तो कुठल्याही गाण्यात नसेल. त्याच्यामागे सगळा बँड गप्प झाला. मला हँडल आठवेना, काही आठवेना. मारितने इंधनाची कळ दाबून धरली, इंजिन मरत मरत अगदी थांबायला आलं, आता संपलंच असं वाटलं, आणि त्या क्षणी तिने इंधनाचा एक घोट सोडला. चाक अडखळलं, थबकलं, आणि उलट दिशेने वळलं. स्वाना धक्क्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि पुढे निघाली.

त्या शांततेत पाण्यावरून फक्त तिचा ठोका ऐकू येत होता, श्वास घेत थांबणारा, तसाच लंगडा. वृद्धाश्रमातली मंडळी खुर्च्यांवर आणून बसवली होती. त्यातली ऑडनी म्हातारी, जिला हल्ली स्वतःची मुलंही ओळखू येत नाहीत, मोठ्याने म्हणाली, "आंद्रेस आला वाटतं." आंद्रेस आजोबांना जाऊन किती काळ लोटला. काही जण हसले, मग थांबले. आई म्हणते, धक्क्यावरच्या कितीतरी म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या होत्या. मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांत धूर गेला होता.

आम्ही टोक वळून खुल्या पाण्यात गेलो. ऊन होतं, लाट बेताची. आत्ता खिडकीशी बसलेल्या आईने परत विचारलं, आणि मी म्हटलं, हो, आलो मुद्द्यावर. वेगार पुढे झेंडा सांभाळत कठड्यावरून वाकून ओकत होता, आणि मधेच सरळ होऊन, बरा आहे, बरा आहे, म्हणून हात हलवत होता. मारित इंजिनाच्या झाकणावर बसली होती, तू झोपायचास तिथे. ती म्हणाली, "कॅप्टन, मी ऑगस्टमध्ये लग्न करतेय. तो तिकडे ओकतोय ना, त्याच्याशी." मी सुकाणू धरून समोर बघत राहिलो. इतके महिने मनात काढलेलं ते चित्र मला दिसलं, तू चाकाशी, ती ब्लोलॅम्प धरून, आणि मला कळलं, की ते चित्र केव्हाच पुरं झालं होतं, फक्त त्यात माणूस दुसरा होता, आणि त्याला मीच बोलावून आणलं होतं. वाईट वाटलं का? वाटलं. टोकापासून दीपगृहापर्यंत वाटत राहिलं. मग मी पुढे बघितलं, तो लांबलचक डोंगरातला प्राणी तिच्यासाठी समुद्रावर आला होता, हिरवा पडला होता आणि झेंडा काही खाली टेकू देत नव्हता, आणि मला हसू फुटलं. मारितही हसायला लागली. मग ती म्हणाली, "अजून एक आहे. माझे वडील नाहीत, तुम्हाला माहीत आहे. चर्चला स्वानातून जायचंय. आणि आत, वेदीपर्यंत, माझ्याबरोबर तुम्ही चालाल का?" मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. घरी आई म्हणाली, "तू विचारणार कुणाला? मी सकाळीच हो सांगून आलेय. कोट काढून ठेवलाय, बाही उसवली आहे."

तर हे पत्र त्यासाठी आहे, सिगुर्ड. मी तुझी परवानगी मागत नाही. मी हो म्हणालो आहे, आणि आनंदाने म्हणालो आहे. पण तुझा बाप तुझ्या आधीच्या बायकोचा हात धरून तिला दुसऱ्याकडे घेऊन चाललाय, हे तुला दुकानात फोनवर बोलणाऱ्या कुणाकडून कळू नये, माझ्याकडून कळावं. तुला लागेल कदाचित. लागलं तर रागाने लिही, वाऱ्याबद्दल लिहू नकोस. ती तुझी बायको राहिली नाही म्हणून ती आमची कुणी नाही असं मला ठरवता आलं नाही, एवढाच माझा अपराध, आणि तो मी पुन्हा करीन. यात तुझ्यातलं काही कमी करून मी तिला दिलं नाहीये. मनाला मापं नसतात, हे मला सत्तरी उलटल्यावर कळतंय. आणि आता एक अडचण ऐक. चर्चच्या धक्क्याला लागल्यावर ही बया बंद करता येत नाही. गोळा गार झाला की परत तापवत बसावं लागेल, आणि नवरानवरी बाहेर आली की लगेच निघायचं आहे. मी आत चालत असेन, मारित तर असेलच, वेगार वेदीशी उभा असेल, आणि नसता तरी उभ्या बोटीतही ओकला असता. योस्टाइनला मी हात लावू देणार नाही. तेव्हा तिच्याजवळ बसून तिचा ठोका सांभाळायला मला आपलं माणूस हवं आहे. मी मारितला विचारलं, सिगुर्डला बोलावू का. तिने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "त्याला जमेल का ते?" मी म्हटलं, शिकवीन. ती म्हणाली, "मग बोलवा. पण त्याला सांगा, मागे निघाली तर घाबरायचं नाही, इंधनाचा एक घोट थांबवायचा आणि मग परत द्यायचा." चर्चमध्ये यायला नको वाटलं तर येऊ नकोस. दार उघडं असेल, ऐकू येईल तुला आतलं, आणि मला तुझं बाहेरचं. तू येतोस की नाही ते कळव, नाही आलास तरी मी चालणार आहे, पण आलास तर माझी पावलं जरा सरळ पडतील.

वाट बघणारा, आणि कुणाच्याही शेजारून चाललो तरी तुझाच,
बाबा

आई म्हणते, मीही तुझीच, पण स्वेटरचं माप कळव.